कार्ड घ्यायचंय? आधी टेप आणा!

दोस्तांनो, ग्राफिक्स कार्ड घ्यायचं मनात आलं की आपण पहिल्यांदा काय करतो? वर्गातल्या मित्राला विचारतो. मित्र एखादं भारीतलं नाव सांगतो आणि ते नाव पाठ करून आपण बाबांच्या मागे लागतो. बाबा म्हणतात, "बघू!" आणि ते 'बघू' दिवाळीपर्यंत चालूच राहतं.

या वेळी जरा वेगळं करू या. शिवणाच्या डब्यातून मोजायचा टेप काढा. कॉम्प्युटर बंद करा, प्लगही काढा आणि कॅबिनेटच्या बाजूचा पत्रा उघडा. (हे काम घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच करायचं, बरं का!) तुमचा कॉम्प्युटर छोटा असेल, म्हणजे अभ्यासाच्या टेबलाच्या कोपऱ्यात मावणारा किंवा टीव्हीखालच्या कप्प्यात बसणारा, तर कार्डाचा निम्मा निर्णय हा टेपच देऊन टाकतो. उरलेल्यातला बराचसा निर्णय वीज देते. कार्डाचं नाव आणि त्याच्या खोक्यावरचं तलवारधारी चित्र यांचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. दुकानात मात्र बरोबर उलट्या क्रमाने बोलणं होतं आणि तिथेच पैसे वाया जातात.

पण हे कार्ड करतं तरी काय?

तुमच्या साध्या मॉनिटरवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करून पाहा: २०,७३,६०० ठिपके! खेळ सुरू असताना हे सगळे ठिपके दर सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगवावे लागतात. म्हणजे एका सेकंदात १२ कोटी ४४ लाख ठिपक्यांचे रंग ठरवायचे. उजेड कुठून येतोय, सावली कुठे पडलीय, भिंतीमागचं झाड दिसायला हवं की नको, हे सगळं त्यातच आलं.

कॉम्प्युटरचा मुख्य प्रोसेसर म्हणजे गणिताचे हुशार गुरुजी. कितीही अवघड गणित द्या, सोडवतील. पण गुरुजी असणार सहा नाहीतर आठ. त्यांना बारा कोटी ठिपके रंगवायला बसवलं तर ते बिचारे घामाघूम होतील. ग्राफिक्स कार्डात गुरुजी नसतात, तिथे शाळेची सगळी मुलं मैदानात बसवलेली असतात. प्रत्येकाला एक एक चौकोन दिला की झालं! एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या कार्डात अशी ३०७२ 'मुलं' आहेत. काम सोपं, पण हात हजारो. गंमत आहे की नाही?

असं कार्ड नव्हतं तेव्हाही खेळ होतेच. १९९३ साली आलेला 'डूम' हा खेळ सगळी चित्रं मुख्य प्रोसेसरकडूनच काढून घेत असे. १९९६ साली थ्रीडीएफएक्स या कंपनीचं 'व्हूडू' कार्ड आलं. त्याच्यावर मेमरी होती अवघी ४ एमबी, आणि साधी चित्रं दाखवायला दुसरं कार्ड लागायचं ते वेगळंच! १९९९ साली एनव्हिडियाने 'जीफोर्स २५६' काढलं आणि 'जगातला पहिला जीपीयू' अशी त्याची जाहिरात केली. कॅनडातली एटीआय ही जुनी कंपनी २००६ साली एएमडीने विकत घेतली. २०२२ मध्ये इंटेलही 'आर्क' नावाची कार्डं घेऊन या बाजारात आली. आज दुकानात कार्डाच्या खोक्यावर नावं खूप दिसतात, पण आतली चिप बहुतेक वेळा या तीन घराण्यांतलीच असते. बाकीच्या कंपन्या तीच चिप घेऊन तिच्यावर आपापले पंखे आणि आपापलं कव्हर चढवतात.

आता थोडं आई-बाबांसाठी. मुलांनी हा भाग वाचला नाही तरी चालेल. (वाचणारच, माहीत आहे!)

निबंध टाइप करणं, शाळेचा प्रोजेक्ट, स्क्रॅचमधलं प्रोग्रॅमिंग, धड्यांचे व्हिडिओ, ऑनलाइन शिकवणी, घरचा हिशेब यांतल्या एकाही कामाला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. "अभ्यासासाठी कार्ड पाहिजे" असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. बहुतेक प्रोसेसरच्या पोटातच चित्र काढणारा एक छोटा भाग असतो. (इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' हे अक्षर असतं, त्यात तो नसतो, म्हणून नवा कॉम्प्युटर घेताना हे अक्षर बघून घ्या.) काही प्रोसेसरमध्ये हा भाग चांगला दणकट असतो. एएमडीचा २०२१चा रायझन ५ ५६००जी किंवा २०२४चा रायझन ७ ८७००जी असेल तर मुलांचे कितीतरी खेळ कार्डाशिवाय चालतात. २०२० साली 'व्हॅलोरंट' आला, तेव्हा त्याच्या कंपनीने कमीत कमी गरज म्हणून इंटेल एचडी ४००० हे नाव दिलं होतं. तो तर २०१२ सालच्या प्रोसेसरच्या पोटातला भाग!

आणखी एक सोपी युक्ती. पोटातल्या या भागाला स्वतःची मेमरी नसते, तो कॉम्प्युटरच्या रॅममधूनच उसनी घेतो. तुमच्या मशीनमध्ये रॅमची एकच पट्टी असेल तर तिच्या जोडीला तशीच दुसरी लावून बघा. एकाऐवजी दोन वाटांनी माहिती येऊ लागते आणि खेळ चक्क सुधारतो. खर्च कार्डापेक्षा पुष्कळ कमी. कार्ड आणण्याआधी हे करून पाहायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग कार्ड कुणाला लागतं? मोठाले त्रिमिती खेळ पूर्ण नटून-थटून खेळायचे असतील त्यांना. ब्लेंडरमध्ये कार्टूनपट करणाऱ्यांना. व्हिडिओ जोडण्या-कापण्याचा नाद असलेल्यांना. आणि नुसता खेळायचा नाद असला तरी त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त त्याला 'अभ्यास' म्हणू नका, म्हणजे घरातलं बोलणं सरळ होतं.

ठरलं? मग या टेपकडे.

तीन मापं घ्यायची. पहिलं लांबीचं. ज्या कॅबिनेटला आपण सगळे चुकून 'सीपीयू' म्हणतो (खरा सीपीयू आत बिस्किटाएवढा असतो!), त्याच्या मागच्या पत्र्यापासून पुढे अडथळा येईपर्यंत किती जागा आहे ते पाहा. पुढे पंखा असेल तर पंख्यापर्यंतच. हार्ड डिस्कचा कप्पा मध्ये आला तर कप्प्यापर्यंतच. आलेल्या मापातून एक-दोन सेंटिमीटर कमी करा, कारण कार्ड तिरकं करून आत घालावं लागतं. जागा किती लागू शकते याची कल्पना यावी म्हणून सांगतो: एनव्हिडियाने २०२२ साली काढलेलं आरटीएक्स ४०९० हे स्वतःचं कार्ड ३०.४ सेंटिमीटर लांब आहे. दप्तरातली फूटपट्टी काढून बघा, जवळजवळ तेवढंच!

दुसरं माप जाडीचं. कॅबिनेटच्या मागे ज्या उभ्या पत्र्याच्या पट्ट्या दिसतात, त्यांतल्या एका पट्टीची जागा म्हणजे एक स्लॉट. दोन स्लॉटांमधलं अंतर साधारण २ सेंटिमीटर. बरीचशी खेळाची कार्डं दोन स्लॉटांएवढी जाड असतात, काही अडीच, काही तीन. छोटे मदरबोर्ड बहुतेक 'मिनी-आयटीएक्स' मापाचे असतात. व्हिया या तैवानच्या कंपनीने २००१ साली हे माप आणलं: १७ सेंटिमीटर लांब, १७ रुंद. जवळपास तुमची एक वीत! त्याच्यावर कार्डाची जागा एकच असते. म्हणून मदरबोर्ड नाही, कॅबिनेट पाहायचं: मागे पट्ट्या किती आहेत, एक की दोन?

तिसरं माप उंचीचं, आणि फसगत नेमकी इथेच होते. ऑफिसातून निघालेले पातळ कॉम्प्युटर हल्ली सेकंडहँड बाजारात स्वस्त मिळतात. अनेक घरांत तेच येतात, आणि छानही असतात. पण त्यांच्या मागच्या पट्टीची उंची असते ८ सेंटिमीटरच्या आसपास. नेहमीच्या कार्डाची पट्टी असते १२ सेंटिमीटर. म्हणजे नेहमीचं कार्ड त्यात बसणारच नाही. कितीही ढकला! त्यासाठी 'लो प्रोफाइल' म्हणजे बुटकं कार्ड लागतं, आणि त्याबरोबर छोटी पट्टी खोक्यात आहे का हे विचारावं लागतं. ती नसेल तर बुटकं कार्डही लटकत राहतं. अशा कार्डावर "अर्धी पट्टी मिळेल का?" हा प्रश्न दुकानात सगळ्यात आधी विचारायचा.

आता वीज. कॅबिनेटला वीज देणारी पेटी म्हणजे एसएमपीएस. तिच्या बाजूला एक स्टिकर असतो, त्यावर वॅटचा आकडा लिहिलेला असतो. तो वहीत लिहून घ्या. तसंच आतून निघालेल्या वायरींमध्ये कार्डाला जोडायची ६ किंवा ८ पिनांची मोकळी वायर आहे का तेही बघा.

मदरबोर्डावरचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देऊ शकतो. ७५ वॅट म्हणजे किती? घराच्या छताला गरगरणारा जुना साधा पंखा साधारण तेवढीच वीज खातो. कार्डाची भूक एका पंख्याएवढीच असेल तर वेगळी वायर लागत नाही, नुसतं स्लॉटमध्ये खोचलं की काम झालं. भूक वाढली की वेगळी वायर हवी: ६ पिनांची वायर आणखी ७५ वॅट देते, ८ पिनांची १५०. आणि ती ४०९०? साडेचारशे वॅट! एकटं कार्ड सहा पंख्यांएवढी वीज पिणार. आपल्या छोट्या डब्यात त्याचं काय काम?

पातळ ऑफिस-कॉम्प्युटरची एसएमपीएस बऱ्याचदा २००-२५० वॅटच्या आसपासची असते आणि तिच्यातून कार्डाची वायर निघतच नाही. मग कुणीतरी सुचवतं, "हार्ड डिस्कच्या वायरीला जोड लावू, हाय काय नि नाय काय!" पालकहो, इथे ठाम 'नाही' म्हणा. ती वायर एवढ्या भाराची नसते. ती तापते, वितळते आणि कधी कधी जळतेही. जिथे वायर नाही तिथे ७५ वॅटच्या आतलं कार्ड घ्यायचं, यावर वादच नको.

जाता जाता यूपीएसही पाहून घ्या. घरी बहुधा ६०० व्हीएचा असतो, तो साधारण ३६० वॅटपर्यंतचा भार घेतो. मोठं कार्ड, मॉनिटर आणि प्रोसेसर सगळे एकदम जोरात असताना लाइट गेली तर तो टूं टूं करत लगेच मान टाकेल.

टेप आणि स्टिकर यांनी आपलं काम केलं. आता नावांकडे वळू या.

पातळ डबा, वेगळी वायर नाही, अशा वेळी दोन नावं नेहमी समोर येतात. एक एएमडीचं आरएक्स ६४००, २०२२ सालचं, ५३ वॅट, ४ जीबी मेमरी. दुसरं एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५०, पण ६ जीबीवालं. ते २०२४ साली आलं आणि ७० वॅट घेतं. दोन्ही बुटक्या रूपात निघाली आहेत. ६४०० तर एकाच स्लॉटात मावणारंही निघालं. मग तेच घ्यावं? थांबा, त्याच्यात दोन खोड्या आहेत. कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यात जो रस्ता असतो त्याला १६ पदर असू शकतात. ६४०० त्यातले फक्त ४ वापरतं. मदरबोर्ड नवा असेल, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस ४.० पिढीचा, तर चालून जातं. पण जुन्या ३.० पिढीच्या बोर्डावर प्रत्येक पदर निम्म्या वेगाचा. कार्डाची स्वतःची ४ जीबी मेमरी भरली की माल याच चिंचोळ्या गल्लीतून आणावा लागतो आणि खेळ अडखळत चालतो. पातळ सेकंडहँड कॉम्प्युटर बहुतेक जुन्याच पिढीचे! म्हणजे ज्या डब्यासाठी हे कार्ड सोयीचं, त्याच डब्यात ते कमी पडतं. दुसरी खोडी अशी की खेळाचं रेकॉर्डिंग करताना व्हिडिओ आवळून साठवणारा भाग त्यात नाहीच. ते काम मग मुख्य प्रोसेसरच्या गळ्यात पडतं. म्हणून जागा दोन स्लॉटांची असेल आणि बाबांचं बजेट ताणलं जात असेल, तर मी ३०५०च्या बाजूने. एकच स्लॉट असेल तर मात्र ६४०० सोडून फारसं काही हाती लागत नाही.

डबा जरा मोठा असेल, चपलांच्या खोक्यासारखा, दोन स्लॉटांचा, पूर्ण उंचीचा आणि एसएमपीएसला ८ पिनांची वायर असेल, तर तुमचं नशीब उघडलं म्हणायचं! आरटीएक्स ४०६० (२०२३, ११५ वॅट), आरएक्स ७६०० (२०२३, १६५ वॅट), आरटीएक्स ५०६० (२०२५, १४५ वॅट) ही सगळी ८ जीबीची कार्डं आहेत, आणि त्यांची तोकडी, दोन पंख्यांची मॉडेल्स निघाली आहेत. छोट्या डब्यापुरतं बोलायचं तर मला ४०६० आवडतं. कारण वेग नाही, त्याची ती ११५ वॅटची भूक. कमी वीज म्हणजे कमी उष्णता, आणि कमी उष्णता म्हणजे पंख्याची कमी घरघर. त्याच खोलीत ताई बारावीचा अभ्यास करत असेल तर ही गोष्ट मोठी आहे. इंटेलचं आर्क बी५८० हे २०२४च्या शेवटी आलेलं कार्ड १२ जीबी मेमरी देतं, पण वीज १९० वॅट घेतं आणि जुन्या प्रोसेसरबरोबर नीट रमत नाही.

मेमरी किती हवी, हा प्रश्न सगळेच विचारतात. १९२० गुणिले १०८०च्या मॉनिटरला आजच्या मोठ्या खेळांसाठी ८ जीबी असेल तर बरं; ४ जीबीत खेळाची सजावट कमी करावी लागते. आणि मॉनिटर जर सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा असेल, तर २०० चित्रं काढणाऱ्या कार्डाचं तुम्ही करणार काय? उरलेली १४० चित्रं तुम्हाला धड दिसणारच नाहीत. 'फोर के' मॉनिटरवर ठिपके चौपट होतात, ८२,९४,४००. तो मामला आपल्या छोट्या डब्याचा नाहीच.

आता एक सावधगिरीची गोष्ट. नाव तेच, माल वेगळा, असं या बाजारात उघडपणे चालतं. एनव्हिडियाचं जीटी १०३० हे कार्ड २०१७ साली जीडीडीआर५ मेमरी घेऊन आलं. २०१८ साली त्याच नावाने डीडीआर४ मेमरीवालंही आलं. पहिल्याच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४८ जीबी, दुसऱ्याचा १७ जीबीसुद्धा नाही! खोक्यावर मोठ्या अक्षरांत तेच '१०३०'. ३०५०चंही तसंच: ८ जीबीवाल्यात २५६० 'मुलं', ६ जीबीवाल्यात २३०४. म्हणून चिठ्ठीवर नुसतं नाव लिहू नका. मेमरी किती आणि कुठल्या जातीची, हेही लिहा.

सेकंडहँड कार्डाबद्दल लोक घाबरवतात, पण मी म्हणेन, घाबरू नका, तपासा. २०२१ साली कार्डांची भयंकर टंचाई झाली होती, कारण इथेरियमसारखी आभासी नाणी 'खणायला' लोक दिवसरात्र कार्डं पळवत होते. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमची पद्धत बदलली आणि ती कार्डं बाजारात आली. त्यांतली कितीतरी धडधाकट आहेत, काहींचे पंखे मात्र झिजलेले. शिवाय जुन्या कार्डात नवं नाव भरून विकणारे महाभाग असतात. 'जीपीयू-झेड' नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे, तो कार्डाची खरी जात सांगतो आणि बरीचशी नकली कार्डं ओळखतो. विकणाऱ्याच्या मशीनवर तो चालवा, अर्धा तास एखादा जड खेळ चालवा, आवाज ऐका. "वेळ नाही," असं विकणारा म्हणाला तर आपणही "बरं, येतो काका," म्हणून निघायचं.

उन्हाळ्याचं काय? नागपूर-चंद्रपूरकडच्या दोस्तांना वेगळं सांगायला नको. बाहेर ४५ अंश आणि खोली ३८ वर असताना छोट्या डब्यातली हवा आणखीच तापते. फार तापलं की कार्ड स्वतःच आपला वेग कमी करतं, म्हणजे मे महिन्यात तुमचं कार्ड जानेवारीपेक्षा हळू! डबा भिंतीला चिकटवून ठेवू नका. कप्प्यात ठेवला असेल तर कप्प्याचं दार उघडं हवं. जाळीवरची धूळ महिन्यातून एकदा मऊ ब्रशने काढा.

भाव मी इथे मुद्दाम देत नाही, ते आठवड्यागणिक हलतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, दोन-चार दुकानं फिरून विचारता येतं. तुमच्या गावातल्या दुकानातही चालेल. फक्त ऑनलाइनचा भाव आधी बघून जा. आई-बाबांनो, पक्कं बिल घ्या आणि त्यावर कार्डाचा अनुक्रमांक लिहून घ्या, कारण वॉरंटीच्या वेळी तोच विचारतात. छोट्या कॉम्प्युटरचा एक फायदा असा, की तो पिशवीत घालून सोबत नेता येतो. कार्ड तिथेच बसवून, बाजूचा पत्रा लावून, कॉम्प्युटर चालू करून दाखवायला सांगा. पत्रा लागला पाहिजे हं! पुष्कळदा कार्ड बसतं, पण वर निघालेली वायर पत्र्याला अडते.

घरी आल्यावर मॉनिटरची वायर मदरबोर्डाच्या जागेत नाही, नव्या कार्डाच्या जागेत लावा. ती जुन्याच जागी लावून "कार्डाने काहीच फरक पडला नाही" असं म्हणणारे थोडेथोडके नाहीत! कार्डाचं खोकं आणि आतली न वापरलेली पट्टी माळ्यावर जपून ठेवा. तीन-चार वर्षांनी कार्ड विकायला काढाल, तेव्हा ती पट्टी मागणारा कुणीतरी नक्की भेटेल.